मदत हवी आहे: पोकळी मिटतानाचा दुसरा दणका कसा पकडायचा?

मंडळी, बडोद्यात एम.ई. करतोय. पाण्याखालच्या स्फोटाचा पोलादी प्लेटवर होणारा आघात हा विषय. ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांच्या 1941 च्या सिद्धांताने सुरुवातीचा हिशेब जमला: प्लेट मागे सरकते, लगतचा दाब उतरतो आणि पाणी ताण फारसा सोसत नसल्याने तिथे कॅव्हिटेशन होतं, म्हणजे पाण्यात पोकळी तयार होते. पण पोकळी मिटताना पाणी पुन्हा प्लेटवर आदळतं, तो दणका त्या सूत्रात येतच नाही! (पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटेचं कॅव्हिटेशन तूर्त बाजूला ठेवलंय.) अबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये पाण्यासाठी अकूस्टिक एलिमेंट (फक्त दाबाची लाट मोजणारे तुकडे) आणि टोटल वेव्ह (आलेली आणि परतलेली लाट मिळून एकूण दाब धरणारी पद्धत) घेतलंय. पोकळी मिटली की दाबाच्या आलेखात खोटे काटे उठतात. डॅम्पिंग (कंपनं शमवणारा अवरोध) वाढवलं तर काटे जातात, पण खरा दणकाही बोथट होतो. किती ठेवायचं, हे कशावरून ठरवता? गाईड म्हणतात कॅव्हिटेशन सोडूनच दे, ते काही पटत नाही.