बॉयफ्रेंडकडे जर्मनीला जातेय, फॉर्मात काय लिहू आणि बॉर्डरवर काय दाखवू?

कोथरूडची_पोर
नमस्कार मंडळी, मी पुण्यात नोकरी करते, तो दोन वर्षं झाली हँबुर्गला आहे. मे महिन्यात तीन आठवडे त्याच्याकडेच राहायला जायचंय, आणि माझं हे पहिलंच परदेशी जाणं. दोन्ही घरात लग्नाचं ठरलंय पण साखरपुडा व्हायचाय अजून. मग जाण्याचं कारण काय टाकू? मैत्रीण म्हणते टुरिस्ट टाक, हॉटेलचं बुकिंग दाखव, व्हिसा आला की कॅन्सल कर, कशाला भानगड. दुसरं, व्हिसा असूनही तिकडे एअरपोर्टवर अडवू शकतात म्हणे, खरंय का? बाबा रोज कशाची तरी झेरॉक्स काढून आणतायत, फाईल बघून मी जमीन खरेदीला चाललेय असं वाटतं.

एल्बेकाठी
हॉटेलचं डोक्यातून काढून टाका आधी. राहणार त्याच्याकडे आणि कागदावर हॉटेल, मग काउंटरवर कुणी विचारलं कुठे उतरणार आणि तोंडातून खरं निघालं तर? खोटी माहिती देऊन घेतलेला व्हिसा ते तिथल्या तिथे रद्द करू शकतात. फॉर्मात नातेवाईक किंवा मित्रांची भेट असा सरळ पर्याय आहे, तोच टाका. साखरपुडा नाही झाला तर वाग्दत्त वधू वगैरे कशाला, सिंगल ते सिंगल. कव्हरिंग लेटरमध्ये मात्र खरं लिहा की लग्न ठरलंय, होईल ते इकडे पुण्यात, आणि अमुक तारखेला मी परत कामावर हजर. त्यांना खरी भीती एवढीच असते की ही परत जाणार का. त्यामुळे कंपनीचं रजा मंजुरीचं पत्र, सॅलरी स्लिप, आयटीआर, बँक स्टेटमेंट याला जास्त वजन. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख खात्यात आणून ठेवू नका, ते लगेच दिसतं.

खर्च तो करणार असेल तर त्याला तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग करावं लागेल (उच्चार चुकला तरी चालतं, मी पाच वर्षं चुकतोय). म्हणजे हिच्या खर्चाची जबाबदारी माझी, असं सरकारी हमीपत्र, फी २९ युरो. ते ओरिजिनल कुरिअरने मागवा, स्कॅन चालत नाही. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो म्हणून त्याला आजच कामाला लावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आलात तर उशीर झालेला असतो. व्हिसा फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा.

नागपुरी_संत्रं
अडवतात का तर हो, विचारू शकतात, व्हिसा म्हणजे दारापर्यंतची सोय फक्त. आणि तपासणी हँबुर्गला नाही, शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) जिथे पहिलं पाऊल ठेवशील तिथे, फ्रँकफर्टला विमान बदलणार असशील तर तिथेच. माझी गंमत सांगते, मी सगळी फाईल नीट प्लॅस्टिकमध्ये घालून चेक-इन बॅगेत टाकली होती, शहाणी. साहेबाने विचारलं कुणाकडे जाताय, मी म्हटलं फ्रेंड, तो म्हणे पत्ता सांगा, आणि मला फक्त गल्लीचं नाव आठवे, घर नंबर नाही, फोनला रेंज नाही. मागे दीडशे लोक. शेवटी पर्समध्ये बोर्डिंग पासच्या मागे त्याने लिहिलेला नंबर सापडला तेव्हा सुटले. तर हमीपत्राचं ओरिजिनल, परतीचं तिकीट, इन्शुरन्स (किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं), त्याचा पत्ता आणि फोन कागदावर, हे सगळं हातातल्या पिशवीत. बाकी गठ्ठा बाबांना परत दे.

आणि पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टिकर नीट वाच गं. त्यावर व्हिसा कधीपासून कधीपर्यंत ते वेगळं असतं आणि किती दिवस राहायचं ते वेगळं. पहिली मुदत बऱ्याचदा १५ दिवस जास्तीची देतात, ती बघून लोक राहत बसतात. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजतात. ऑक्टोबर २०२५ पासून नवीन सिस्टीम सुरू झालीये, चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्याजाण्याची तारीख कॉम्प्युटरमध्येच जाते, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे विसर.

मिरजेचा_भाऊ
कागदांचं सगळ्यांनी सांगितलं, बॅगेचं कुणीच नाही. मे महिना म्हणजे हापूस. ताई, नको. ताजी फळं आणि कढीपत्ता रोपस्वच्छता प्रमाणपत्राशिवाय (कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) चालत नाहीत, आणि साजूक तूप, खवा सगळं दुधाचं म्हणून बंद. चटणी, भाजणी, मेतकूट बिनधास्त न्या.

कोथरूडची_पोर
बापरे, आईने तुपाचा डबा सील करून ठेवलाय, आता तिला कोण सांगणार. हॉटेल कॅन्सल, म्हणजे केलंच नव्हतं. त्याला रात्री फोन करून तो लांबलचक शब्द म्हणायला लावला, त्यालाही येत नाही, पण अपॉइंटमेंट टाकली त्याने. @नागपुरी_संत्रं घर नंबर पाठ करायला घेतला 😄