बर्फातले ‘ऑल वेदर’ टायर : आपापले अनुभव लिहावेत

गायमुख

गेल्या शनिवारी कापूरबावडीजवळच्या दुकानात गाडीचे चारही टायर बदलायला गेलो होतो. घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात, पहिल्याच पावसात, मागचे चाक किंचित सरकल्याचे जाणवले होते आणि घरी येऊन पाहिले तर नक्षी झिजून चरांमधल्या, झीज दाखवणाऱ्या खुणेच्या पट्टीला टेकली होती. दुकानातल्या मुलाने नवा टायर उभा करून सांगितले, “साहेब, हा ऑल वेदर आहे, कुठेही न्या.” ते ऐकताच मी नकळत खाली वाकून टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यातली हिमाची चांदणी, म्हणजे बर्फावर चाचणी झालेल्या टायरचे चिन्ह, शोधू लागलो. ते चिन्ह तिथे नव्हते आणि ठाण्यात त्याची गरजही नाही. मात्र त्या एका शब्दाने अनेक वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली एक सकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली.

तेव्हा आम्ही कॅनडात, क्यूबेक प्रांतातल्या गॅटिनो शहरात राहत होतो. नदी ओलांडली की ओटावा आणि तिथेच माझी नोकरी. क्यूबेकमध्ये नोंदणी झालेल्या गाडीला हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आमच्या वेळी ती मुदत १५ डिसेंबर ते १५ मार्च अशी होती, २०१९ पासून ती १ डिसेंबरला सुरू होते. हिवाळ्यासाठी चार टायरांचा वेगळा संच घ्यायचा, तो वर्षातून दोनदा बदलून घ्यायचा आणि उरलेले सात-आठ महिने कुठेतरी ठेवायचा, हे सदनिकेत राहणाऱ्याला सोपे नसते. आमच्या इमारतीच्या तळघरात टायर ठेवायला परवानगी नव्हती. म्हणून वर्षभर चालणारे आणि डोंगर-हिमाचे चिन्ह असलेले ऑल वेदर टायर घेतले. कायदा ते मान्य करत होता, त्यामुळे माझे मनही निश्चिंत झाले.

ताज्या आणि दाबल्या गेलेल्या बर्फावर ते टायर खरोखर उत्तम चालले. दोन हिवाळे एकदाही तक्रारीला जागा मिळाली नाही. तिसऱ्या हिवाळ्यात एका रात्री गोठणारा पाऊस पडला. हा पाऊस पाण्याच्याच थेंबांनी पडतो, पण जमिनीला टेकताक्षणी त्याची काच होते. १९९८ च्या जानेवारीत त्या भागात असाच पाऊस अनेक दिवस पडून विजेचे मनोरे कोसळले होते. शेजारच्या आजी ती आठवण सांगताना तेव्हाही आवाज खाली आणत असत. त्या सकाळी मी मुलीला शाळेत सोडायला निघालो. उतार अगदी साधा होता, वेग ताशी तीसच्याही आत होता आणि पुढे सिग्नल लाल होता. ब्रेकवर पाय ठेवला तशी पायाखाली एबीएसची, म्हणजे चाके अडकू न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची, थरथर सुरू झाली, पण गाडी थांबेना. मागून मुलगी काहीतरी सांगत होती आणि मला तिला उत्तर देता येत नव्हते. पांढरी रेषा ओलांडून, चौकाच्या अलीकडे कडेला रचलेल्या बर्फाच्या ढिगात गाडीचे नाक रुतले आणि आम्ही थांबलो. समोरून कोणीही येत नव्हते, एवढेच आमचे नशीब.

नंतर तिथल्या मेकॅनिकने शांतपणे समजावले की, ओल्या काचेसारख्या त्या थरावर खिळे नसलेला कोणताही टायर थोडाफार घसरलाच असता. मात्र खास हिवाळी टायर काही फूट आधी पकडीत आला असता. त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ते डोंगराचे चिन्ह ज्या चाचणीतून मिळते, तिच्यात दाबलेल्या बर्फावर टायर किती ओढ घेतो एवढेच मोजतात. गोठलेल्या बर्फाच्या काचेवर गाडी किती अंतरात थांबते, हे त्यात तपासलेच जात नाही. टायरांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. ते चिन्ह नेमके कशाची हमी देते, हे मी कधी विचारलेच नव्हते. पुढच्या नोव्हेंबरात एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये जागा मागून मी वेगळा हिवाळी संच घेतला.

ठाण्यात आणि नवी मुंबईत घरोघरी कोणी ना कोणी थंड देशात आहे किंवा राहून परत आले आहे. ज्यांनी असे टायर वापरले असतील त्यांनी आपला अनुभव, बरा असो वा वाईट, अवश्य लिहावा.

सीवूड्सची आई

वाचताना अंगावर काटा आला. मुलगी सुखरूप आहे हे वाचेपर्यंत पुढची ओळ दिसत नव्हती. माझा मुलगा या वर्षीच ओंटारिओत गेला असून त्याने जुनी गाडी घेतली आहे. टायरवर ‘एम’ आणि ‘एस’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे बर्फाची काळजी नाही, असे तो म्हणतो. हे बरोबर आहे का?

गायमुख

ताई, ती अक्षरे ‘मड’ आणि ‘स्नो’ यांची आहेत, म्हणजे चिखल आणि बर्फ. नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच ती छापतो. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तिकडच्या बहुतेक ‘ऑल सीझन’ टायरांवर ती असतात. ‘ऑल सीझन’ आणि ‘ऑल वेदर’ ही नावे ऐकायला सारखी वाटली तरी दोन्हींत मोठा फरक आहे, चाचणीचे चिन्ह तिकडे सहसा ‘ऑल वेदर’वर असते. मुलाला डोंगर आणि हिमाची चांदणी आहे का, ते पाहायला सांगा.

वाशीकर

जर्मनीत मी दोन ठिकाणी राहिलो आणि एकाच टायराने मला दोन वेगवेगळी उत्तरे दिली, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहितो.

पहिली चार वर्षे कोलोनला होतो. ऱ्हाइनच्या त्या सखल भागात वर्षाकाठी बर्फ थोडेच दिवस टिकतो आणि रस्त्यांवर मीठही लगेच पडते. तिथे वर्षभराचे टायर वापरणारे पुष्कळ लोक भेटले आणि मीही त्यांच्यातलाच होतो. हिवाळ्यात काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती जुलैमध्ये. पारा चौतीसच्या पुढे गेला की ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, जोरात ब्रेक लावताना गाडी मऊ पडल्यासारखी वाटायची, आणि नक्षी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर झिजली. नंतर नोकरीनिमित्त आल्प्सच्या पायथ्याशी, केम्प्टनला गेलो. पहिल्याच डिसेंबरात घरासमोरच्या चढावर गाडी अर्ध्यातून मागे सरकू लागली. शेजाऱ्याची तेवढ्याच ताकदीची गाडी, हिवाळी टायरांवर, माझ्या शेजारून सरळ वर गेली. त्या आठवड्यात मी टायर बदलले.

तिथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ अशी एक जुनी लोकरूढी आहे, तेवढे महिने हिवाळी टायर ठेवायचे. कायदा मात्र तारखेवर नसून रस्त्याच्या स्थितीवर आहे, म्हणजे बर्फ किंवा निसरडे असेल तर योग्य टायर हवेतच, हा नियम २०१० पासून स्पष्ट झाला. ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम-एस अक्षरांचे टायर त्यासाठी चालत नाहीत, डोंगराचे चिन्हच लागते. सीवूड्सच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे, असे मला वाटते.

पारसिक

बर्फ मी पाहिलेला नाही. पण पाम बीच रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगल्याचा अनुभव आहे, आणि तेव्हा स्टिअरिंग हातात असूनही नसल्यासारखे होते. वरील वर्णन वाचून तीच भीती ओळखीची वाटली.

ऐरोली, निवृत्त

माझी नोकरीची बत्तीस वर्षे रबराच्या कारखान्यात गेली, म्हणून थोडे कारण सांगतो.

उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही आणि म्हणून पकड सुटते. त्यासाठी बर्फ पडलेलाच असावा असे नाही, कोरड्या थंड रस्त्यावरही हे घडते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकाचे प्रमाण बरेच असते आणि घटकही असे निवडतात की शून्याच्या खूप खालीही रबर मऊ राहावे. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या असंख्य चिरा असतात. भार पडला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या चरांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि तो खालच्या बर्फाला धरतो, कारण बर्फाची सर्वांत चांगली पकड बर्फावरच बसते. मुले बर्फाचा गोळा लोळवून मोठा करतात तेव्हा हेच होत असते.

आता हेच मऊ रबर आणि हेच चिरलेले ठोकळे तापलेल्या डांबरावर चालवले तर ठोकळे डुलतात, तापतात आणि भराभर झिजतात. वाशीकरांना जुलैमध्ये जाणवले ते हेच. वर्षभराचा टायर बनवणाऱ्याला या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभे राहावे लागते. तो कमअस्सल असतो असे मुळीच नाही. त्याच्यावर दोन मालकांची सेवा आहे, हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आणि एक गोष्ट, तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचे एकक) कमी भरते. ऊबदार तळघरात तपासलेली हवा बाहेरच्या उणे वीसमध्ये बरीच खाली गेलेली असते.

नौपाडा–मिनिआपोलिस

सध्या आईकडे नौपाड्याला आले आहे, म्हणून वेळ मिळाला. माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही नोंदला जावा. मिनेसोटात हिवाळी टायरांची सक्ती नाही. मी सहा हिवाळे चिन्ह असलेल्या ऑल वेदर टायरांवरच काढले आणि एकदाही अपघाताची वेळ आली नाही. मात्र माझे जाणे-येणे शहरातलेच आहे, मोठे रस्ते पहाटेच साफ केलेले असतात आणि वादळाचा इशारा असेल त्या दिवशी मी घरूनच काम करते. नक्षी चार मिलिमीटरवर आली की कायद्याच्या मर्यादेची वाट न पाहता टायर बदलते, कारण त्यानंतर ते बर्फात केवळ नावाला उरतात. ज्याला पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या रुग्णालयात हजर व्हावे लागते त्याने माझे उदाहरण घेऊ नये. माझी एक मैत्रीण परिचारिका आहे, तिच्याकडे वेगळा संच आहे आणि तिचा निर्णय योग्यच आहे.

चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी असली की टायर कसेही चालतात, असे तिकडे नव्याने आलेली आपली मुले फार म्हणतात. तशी गाडी बर्फातून निघते लवकर. थांबवायची वेळ आली की तिलाही चार टायरांचीच पकड असते.

वाशीकर

शेवटचे वाक्य अगदी खरे आहे. केम्प्टनमध्ये कडेच्या खड्ड्यात गेलेल्या गाड्यांमध्ये मी अशा गाड्या अनेकदा पाहिल्या.

कळवा

टंगमर्गला पोलिसांनी अडवले. आम्ही ठाण्याहून स्वतःची गाडी घेऊन जानेवारीत काश्मीरला गेलो होतो आणि इथल्या दुकानदाराने ‘बर्फातही चालतील’ असे सांगून दिलेले टायर नवे होते. बर्फ पडल्यानंतर टंगमर्ग ते गुलमर्ग या चढावर चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मला सुरुवातीला राग आला, कारण टायरांसाठी भरपूर पैसे मोजले होते. शेवटी आपली गाडी खाली ठेवून साखळी लावलेल्या स्थानिक गाडीतून वर गेलो. तिसऱ्या वळणावर बाहेर पाहिले आणि राग पूर्ण उतरला. चालक वयस्कर होते. ते इतकेच म्हणाले की, इथे टायरचे नाव कोणी विचारत नाही, उतरताना गाडी कशी धरते ते विचारतात. गायमुख यांच्या धाग्यामुळे कळले की त्या टायरांवर डोंगराचे चिन्ह आहे की नाही, हे मी आजवर पाहिलेलेच नव्हते. आत्ता खाली जाऊन पाहिले. नाही.

ऐरोली, निवृत्त

कळवा, तुम्ही साखळीचा मान राखलात हे उत्तम केले. आपल्याकडच्या हवामानासाठी बनवलेल्या टायरचे रबर उष्णता सोसण्यासाठी असते. तो गुलमर्गला कमी पडला यात त्याचा दोष नाही. तोच टायर मुंब्रा बायपासवर भर पावसात तुम्हाला नीट सांभाळेल.

सीवूड्सच्या ताईंना एक विनंती. गाडी जुनी आहे म्हणालात, तर मुलाला टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचायला सांगा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होत जाते, आणि थंडीत ते आधी कळते.

सीवूड्सची आई

काका, मुलाशी बोलले. त्याने टॉर्च घेऊन पाहिले. डोंगराचे चिन्ह नाही आणि आकडे ‘३८१५’ आहेत. म्हणजे २०१५ सालचा अडतिसावा आठवडा, बरोबर ना? नक्षी चांगली दिसते म्हणून गाडी विकणाऱ्याने टायर ‘जवळजवळ नवे’ असल्याचे सांगितले होते.

नौपाडा–मिनिआपोलिस

बरोबर आहे काकू. त्याला ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दुकानात वेळ घेऊन ठेवायला सांगा, कारण पहिला बर्फ पडला की सगळे शहर एकाच दिवशी टायर बदलायला जाते आणि मग दोन-तीन आठवडे क्रमांक लागत नाही.

गायमुख

ताई, ओंटारिओत सक्ती नसली तरी २०१६ च्या जानेवारीपासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विम्यात सवलत देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ऑल वेदर टायर तिच्यात धरतात का, हे त्याने आपल्या विमा कंपनीला आधी विचारून घ्यावे. तो शहराबाहेर रोज प्रवास करणार असेल तर माझे मत वेगळ्या संचाच्या बाजूने आहे. शहरातच राहणार असेल तर चिन्ह असलेले ऑल वेदरही चालतील. पण आहेत ते टायर एकही हिवाळा नकोत. गोठणारा पाऊस असेल त्या दिवशी तर कोणत्याही टायरांवर त्याने बाहेर पडू नये.

सीवूड्सची आई

तो शिफ्टमध्ये काम करतो आणि महामार्गाने चाळीस किलोमीटर जातो, त्यामुळे वेगळाच संच घ्यायचे ठरले आहे. निम्मे पैसे आम्ही इथून पाठवत आहोत. त्याचे बाबा आत्ता टॉर्च घेऊन खाली पार्किंगमध्ये आमच्या गाडीचे आकडे वाचायला गेले आहेत. तिथून फोन आला, ‘२२१७’. सोमवारी टायरवाल्याकडे जातो म्हणाले.