व्हिपल ऑपरेशन झाल्यावर बाबांचं पुढे काय?

नमस्कार मंडळी, बाबांना (वय ६४) काविळ झाली म्हणून तपासण्या केल्या तर पित्तनलिकेच्या खालच्या टोकाला कॅन्सर निघाला, आधी स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी नळी) टाकला मग व्हिपल झालं (स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि आतड्याची सुरुवात काढतात ते मोठं ऑपरेशन), आता घरी आहेत. चार घास खाल्ले की बस म्हणतात, वजन उतरतच चाललंय, संडासला तेलकट होतं, फ्लश केलं तरी तरंगत राहतं. डॉक्टर सहा महिने केमोच्या गोळ्या म्हणतायत, काका म्हणतात सगळं काढलंय तर केमो कशाला. आणि खरं सांगा, यातून माणूस किती वर्षं काढतो? बाबांसमोर विचारता येत नाही.

सांगलीकर: आधी ऑपरेशननंतरचा बायोप्सी रिपोर्ट काढा. कापलेल्या कडेला कॅन्सर नाही ना (मार्जिन निगेटिव्ह) आणि लिम्फ नोडमध्ये (आजूबाजूच्या गाठींमध्ये) गेलाय का, सगळं यावर आहे. नेटवरचे आकडे बघू नका, त्यात ऑपरेशन न होऊ शकलेलेही धरलेले असतात. काकांना सांगा, इंग्लंडात ४४७ पेशंटवर कॅपेसिटाबिनची (याच केमोच्या गोळ्या) ट्रायल झाली, २०१९ ला छापून आली, गोळ्या घेणाऱ्यांचं मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगतात) ५१ महिने, नुसतं ऑपरेशनवाल्यांचं ३६. संख्याशास्त्राच्या काटेकोर हिशोबात फरक सिद्ध व्हायचा थोडक्यात हुकला, तरी डॉक्टर तेव्हापासून याच गोळ्या देतात. परत उलटायचा धोका पहिली दोन-तीन वर्षं जास्त, म्हणून स्कॅन चुकवू नका.

मीनल_ठाणे: तेलकट संडास म्हणजे चरबी पचत नाहीये, स्वादुपिंडाचा तुकडा गेलाय ना! एन्झाइमच्या (पाचकरसाच्या) कॅप्सूल लिहून दिल्यात का विचारा, त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण पार संपल्यावर घेतल्या तर तितका उपयोग होत नाही. आमच्या आईला ताट बघूनच नको व्हायचं मग वाटीभर मऊ भात-वरण, अंडं, पनीर असं दर दोन तासांनी द्यायचो. शुगरही तपासा. केमोच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलू शकतात, क्रीम आधीपासूनच लावा आणि फार दुखलं तर लगेच कळवा, डोस कमी करतात.

रवी७२: एकच सांगतो, थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका. पित्तनलिका आता थेट आतड्याला जोडलेली असते, इन्फेक्शन वर चढतं. रात्री असेल तर रात्रीच हॉस्पिटल.

प्रश्नकर्ता: रिपोर्ट बघितला, मार्जिन निगेटिव्ह आहे, एका नोडमध्ये मात्र आहे. म्हणजे गोळ्या घ्यायच्याच, काकांना मी बघतो. मीनलताई, कॅप्सूल आहेत पण बाबा जेवणानंतर घेतायत, कोणी सांगितलंच नव्हतं. जेवण अर्धा तास चाललं तर सगळ्या सुरुवातीलाच द्यायच्या का?

मीनल_ठाणे: आम्हाला एक सुरुवातीला, एक मधे सांगितलेलं. तुमचा डोस डॉक्टरांकडून पक्का करा.