टारगेट प्राइसवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

प्रश्न: एकाच शेअरवर एक अ‍ॅनालिस्ट बाय म्हणतो, दुसरा होल्ड, मग कोणाचा अंदाज धरायचा हे तुम्ही कसं ठरवता?

– टारगेट, म्हणजे शेअर कुठवर जाईल म्हणून सांगितलेला भाव, तो सोडा, आधी त्या अ‍ॅनालिस्टचे जुने ईपीएसचे (प्रति शेअर नफ्याचे) अंदाज काढून प्रत्यक्ष रिझल्टशी ताडून बघा. टारगेट तर भाव वर गेला की मागून वाढवतात, त्यात कसला अंदाज आलाय!

– आणि त्याच्या ब्रोकरेजचा त्या कंपनीशी काही धंदा आहे का ते रिपोर्टमधल्या डिस्क्लोजरमध्ये (हितसंबंधांच्या खुलाशात) वाचाच, एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत बऱ्याच जणांचं रेटिंग बायच होतं. सेल म्हणणारे मुळात कमी, म्हणून कोणी बायवरून होल्डवर आला तरी मी ते गंभीरपणे घेते.

– सगळ्यांचे अंदाज फारच पांगलेले असतील तर सरासरी धरून बसू नका.