धागा: घटस्फोटाची केस चालू असताना मुलाचा फोटो टाकलेला का कुणी?

होम_मैदान:
सकाळी फोननं आपणहून 'सात वर्षांपूर्वी' काढून दाखवलं. गड्ड्याची जत्रा, लेक पाळण्यात, तोंडाला साखर. खाली मी लिहिलेलं, 'आम्ही दोघंच पुरे.' त्याच दिवशी त्याच्या बापाला पोराची भेट ठरलेली होती आणि मी कळवलेलं, पोराला ताप आहे. पुढच्या तारखेला फोटो पुरावा म्हणून निशाणी (नंबर) लागून समोर! शेवटी दोघांनी पुरसीस दिली, म्हणजे कोर्टात लिहून दिलं, निकालापर्यंत पोराचा फोटो नाही, केसबद्दल अक्षर नाही. तुमचं सांगा.

काळा_कोट:
फोटोवर बंदी आपोआप नसते, कोर्टानं घालावी लागते किंवा अशी हमी द्यावी लागते. केसमधला मजकूर वेगळा. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २२: कामकाज बंद खोलीत, प्रसिद्ध केलं तर १००० रुपयांपर्यंत दंड.

शेंगाचटणी:
हजारात चांगली चादर पण येत नाही ओ 😂

काळा_कोट:
दंडाला कोण भितो. पोराचा ताबा ठरताना ती पोस्ट पुढं येते, तिथं दुखतं. स्क्रीनशॉटला पुरावा म्हणत नाहीत या भ्रमात राहू नका. कुटुंब न्यायालय कायदा १९८४, कलम १४ वाचा. वाद मिटवायला उपयोगी वाटलं तर कोर्ट काहीही बघू शकतं.

सातरस्ता_७८:
आमच्यात आदेश आम्हा दोघांवर, आणि स्टेटस ठेवणार नणंद! 'भाचीला आईनं तोडलं' म्हणून रडके इमोजी. वकील म्हणाले ती पक्षकार नाही, अर्ज नवऱ्याविरुद्ध टाका. टाकला. तोपर्यंत अख्ख्या बिल्डिंगनं बघून झालेलं. दूधवाला पण विचारायचा, काय झालं ताई.

होम_मैदान:
दूधवाला 😭 माझ्याकडं इस्त्रीवाला होता.

नाव_नको:
मी अशाच केसमधली पोरगी. नववीत असताना वर्गातल्या मुलानं बाबांची जुनी पोस्ट शोधून दाखवली. आईबद्दल होती. बाबांनी नंतर डिलीट केली, पण त्या मुलाकडं होती. बाबांशी बोलते मी. त्यावर नाही बोललो कधी.

सातरस्ता_७८:
बाळा 🫂

शेंगाचटणी:
वर चादरीचा विनोद केला, माफ करा. माझी पण तारीख आहे मंगळवारी. डीपीत पोरगा आहे, काढू का?

काळा_कोट:
आदेश आहे का तसा?

शेंगाचटणी:
नाही.

काळा_कोट:
मग राहू दे. स्टेटसला टोमणे तेवढे बंद करा, परवाचा बघितला मी.

शेंगाचटणी:
तो साडूला होता ओ!!

होम_मैदान:
कुकर झाला, येते नंतर.