मदत हवी आहे: इंजेक्शन देऊनही दाढ काढताना दुखतं का?

आईची (वय ६८) खालची दाढ काढायची आहे. मुळाशी पू झालाय, गाल सुजलाय. डेंटिस्टनी अँटिबायोटिक दिलंय, सूज उतरली की काढू म्हणाले. बीपी आणि शुगर आहे, पण दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात.

अडचण अशी की मागे गावी दुसऱ्या बाजूची दाढ काढली तेव्हा ओठ बधिर झाला होता, तरी पक्कड लागली की ती कळवळायची. डॉक्टर म्हणत राहिले, "अहो आजी, हा नुसता दाब आहे." आता ती खुर्चीत बसायलाच तयार नाही. शेजारच्या काकूंनी "दाढ काढली की नजर जाते" अशी भर घातलीय, ते सोडा.

असं खरंच होतं का? पूर्ण भूल द्या म्हणावं का? बीपीला ते इंजेक्शन चालतं ना? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
मी दंतवैद्य आहे. होतं असं, आणि आईंना दुखलं ते खरंच दुखलं असणार. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे लिग्नोकेन (बधिर करायचं नेहमीचं औषध) नसेच्या आत पुरेसं शिरतच नाही. शिवाय खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड. वर हिरडीत टोचलं की औषध हाडातून झिरपतं, खाली तसं होत नाही. म्हणून जबड्याच्या मागे, नस हाडात शिरते तिथे ब्लॉक (ती नसच बधिर करणारं इंजेक्शन) देतात. ती जागा प्रत्येकाची थोडी वेगळी, त्यामुळे मुरलेल्या हातांचाही नेम कधी चुकतो. आणि ओठ बधिर झाला तरी दाढेची नस जागी राहू शकते.

यावर उपाय आहेत: पुन्हा ब्लॉक, दाढ आणि हाडाच्या फटीत बारीक सुईने थोडं औषध, किंवा गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेन (बधिर करायचं दुसरं औषध). एका दाढेसाठी पूर्ण भूल सहसा लागत नाही. दाब, ओढ, कडकड आवाज जाणवणारच. पण तीक्ष्ण कळ आली की आईंनी हात वर करायचा आणि डॉक्टरांनी थांबायचं, हे आधीच बोलून घ्या. थांबत नसतील तर दुसरा डॉक्टर बघा, स्पष्टच सांगतो.

नेहमीच्या औषधात २ टक्के लिग्नोकेनसोबत ८० हजारांत १ भाग अ‍ॅड्रेनलिन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, भूल टिकते, रक्तही कमी जातं. बीपी आटोक्यात असेल तर बेताच्या मात्रेत चालतं. थोडा वेळ धडधडेल. बीपीची गोळी चुकवू नका, शुगर आहे म्हणून उपाशी नेऊ नका. रक्त पातळ करायची गोळी असेल तर सांगा, मनाने बंद करू नका.

तोंड उघडेना, गिळता येईना किंवा ताप चढला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २
नंतर काही तास ओठ-जीभ बधिर असते. तोवर गरम चहा नको. माझ्या सासऱ्यांनी गाल चावून घेतला होता, कळलंच नाही त्यांना.

धागाकर्ती
खूप आभार! हात वर करायचं ऐकून आई "बघू" म्हणाली, म्हणजे निम्मं काम झालं. आर्टिकेन सगळीकडे असतं का?

प्रतिसाद १
नाही, फोन करून विचारा. नसलं तरी अडू नका, सूज उतरल्यावर बहुतेक दाढा लिग्नोकेनवरच निघतात.