'हाय-रेझ'ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ:
आमच्या मिरजेच्या संगीत मंडळासाठी दोन पानी माहितीपत्रक लिहितेय. इयरबड्स घेतले, फोनही चांगला आहे, पण गाणं खरंच 'हाय-रेझ'मध्ये (हाय रिझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने मोजलेला आवाज) येतंय का, हे कसं बघायचं असा विषय आहे. सभासद बहुतेक सत्तरीच्या आसपासचे. कान तयार, पण फोनमधल्या सेटिंगांचा कंटाळा. मसुद्यात मी 'उच्च विभेदन ध्वनी' असं लिहिलं होतं. एका काकूंनी विचारलं, "विभेदन म्हणजे कशाकशात भेद करायचा?" म्हणून ते खोडून 'सुस्पष्ट ध्वनी' केलं. मग मंडळातले भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, सुस्पष्ट तर आकाशवाणीच्या बातम्याही असतात, हा शब्द साफ चुकीचा आहे. मला दोघांचंही पटतंय आणि पत्रक छापायला द्यायचंय. तुम्ही काय लिहिलं असतं?

आडवाट:
'हाय-रेझ'च राहू द्या. खोक्यावर तेच, दुकानात तेच, नातवाच्या तोंडी तेच. खोक्यावरचा तो काळा-सोनेरी शिक्का जपान ऑडिओ सोसायटीचा असतो आणि गिऱ्हाइकाला तो ओळखता आला पाहिजे. दुकानात जाऊन 'उच्च विभेदन दाखवा' म्हणणारा माणूस रिकाम्या हाताने परत येईल.

भीमथडी:
मी प्राध्यापकांच्या बाजूचा. 'विभेदनक्षमता' हा काल जन्मलेला शब्द नाही. दुर्बिणीतून अगदी शेजारचे दोन तारे वेगवेगळे दिसले, तर तिची विभेदनक्षमता चांगली, हे आम्ही मराठीतूनच शिकलो. ध्वनीतही तेच आहे. सीडीसाठी आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं घेतात आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. २४ बिट घेतले की पायऱ्या १,६७,७७,२१६ होतात. लगतच्या दोन पायऱ्या वेगळ्या ओळखणं, हेच विभेदन. काकूंना सांगा, 'हळू' आणि 'त्याहून किंचित हळू' यांत भेद करायचा. गाणं ऐकताना त्या हेच करत आल्यात.

तिरफळ:
मग ९६ किलोहर्ट्झचं काय? त्या पायऱ्या नव्हेत. सेकंदाला कितीदा मोजलं, ते आहे. एक आडवं माप, एक उभं. 'रिझोल्यूशन' म्हणताना इंग्रजीने दोन्ही एका पोत्यात भरली, ती गल्लत आपण कशाला उचलायची? 'नमुनादर' आणि 'बिटखोली' असे दोन शब्द करा आणि पत्रकात आकडेच द्या: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट.

भीमथडी:
'बिटखोली' वाचून मला भाड्याची खोली आठवली. 'खोली' हा शब्द विहिरीला शोभतो, मोजमापाला नाही.

साळुंकी:
मला दुसरीच शंका आहे. पत्रकात इयरबड्सना काय म्हटलंय? आमच्या घरी 'बोळे' म्हणतात. आई पूर्वी "कानात बोळे घातलेत का?" असं रागावून विचारायची, आता सहज चौकशी म्हणून विचारते आणि मी सहज "हो" म्हणते. शब्द घरचा आहे, आकार जुळतो, कामही जुळतं. नवा शब्द बनवायची गरजच नाही.

गोदातीर:
'बोळे' चांगला आहे. 'कानातलं' मात्र चुकूनही लिहू नका. माझ्या बहिणीचा एक इयरबड गर्दीच्या लोकलमध्ये पडला आणि ती ओरडली, "माझं कानातलं पडलं!" अख्खा डबा वाकून सोनं शोधायला लागला. एका मावशींनी तर पदर झटकून दाखवला. सापडलं ते काळं प्लास्टिक. बायकांनी ते पुसून हातात ठेवलं, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता.

आडवाट:
'बोळा' सगळ्या इयरबड्सना चालणार नाही. ज्यांना सिलिकॉनची टोपी असते आणि जे कान बंद करतात, ते बोळे. नुसते कानाच्या पाळीला टेकून राहतात, त्यांना बोळा कसं म्हणणार? हा फरक पत्रकात यायलाच हवा. टोपी कानात चपखल बसली नाही की खर्ज निघून जातो, मग कोडेक (ब्लूटूथवरून पाठवायला आवाजाची माहिती कमी करायची पद्धत) कोणताही लावा. खोक्यात टोप्यांचे दोन-तीन आकार देतात आणि वडीलधारी मंडळी ते कधी बदलून बघत नाहीत. हाय-रेझच्या आधी हे लिहा, कृष्णाकाठताई.

धारवाडी:
आणि 'बिनतारी' हा देखणा शब्द का सोडायचा? पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेपासून तो आपल्याकडे आहे.

भीमथडी:
'बिन' फारसी की अरबी? मोडी कागदांत 'अमुक बिन तमुक' असतं, तोच का हा?

धारवाडी:
नाही हो. तो अरबी 'बिन' म्हणजे मुलगा. 'बिनतारी'तला 'बिन' संस्कृत 'विना'कडून आलेला. फारसीला 'शिवाय' म्हणायचं तर ती 'बे' लावते. बेइमान, बेफिकीर, तसं 'बेतार' झालं असतं.

कृष्णाकाठ:
'बोळे' आणि टोप्यांचं दोन्ही घेतलं, आभार. 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गाळता पोचवलेला आवाज, यावरही अडलेय. मी 'बिनतूट' लिहिलं होतं. किराणा व्यापारात तूट-घट चालते आणि सभासदांत दोन अडतेही आहेत.

गोदातीर:
'बिनतूट' नको, ताई. फोनवर बोलताना आपण 'आवाज तुटतोय' म्हणतो. 'बिनतूट' वाचून लोक म्हणतील, आवाज न तुटता येतो. इथे तर नेमकं उलटं घडतं. फोन एलडॅक या जास्त माहिती नेणाऱ्या कोडेकवर, सेकंदाला ९९० किलोबिटांवर ठेवून दादरच्या पुलावरून चाला, मिनिटाभरात तान तुटेल. तोच एसबीसी या साध्या कोडेकवर ठेवला तर तुटणार नाही, पण माहितीची तूट भरपूर. ज्यात तूट कमी तोच जास्त तुटतो, असं वाक्य पत्रकात कोणाला कळणार?

तिरफळ:
मुळात ब्लूटूथवर 'लॉसलेस' शब्द जवळजवळ कुठेच लागू नाही, तेव्हा तो गाळला तरी चालेल. हिशेब बघा. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन कान धरले तर ४,६०८. सोनीचा एलडॅक जास्तीत जास्त ९९० नेतो. म्हणजे सीडीसुद्धा जशीच्या तशी त्यातून जात नाही. क्वालकॉमचा अ‍ॅप्टएक्स एचडी ५७६ नेतो आणि सक्तीचा एसबीसी साधारण ३२८. क्वालकॉमनेच २०२१ साली सीडीच्या दर्जापुरता अ‍ॅप्टएक्स लॉसलेस आणला, पण त्यासाठी फोन आणि इयरबड्स दोन्ही त्याच घराण्यातले लागतात. खोक्यावरचा तो शिक्का २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ पेलण्याच्या क्षमतेबद्दल बोलतो. या क्षणी तुमच्या कानात काय पोचतंय, त्याबद्दल नाही. म्हणून मला 'उच्च विभेदन' हा शब्दच इथे खोटा वाटतो.

भीमथडी:
खोटा कसा? क्षमता म्हणूनच तो 'विभेदनक्षमता' आहे. ढगाळ रात्री दुर्बिणीची क्षमता नाहीशी होत नाही.

साळुंकी:
शब्द राहू द्या, सभासदांनी फोनमध्ये नेमकं करायचं काय ते तरी कोणी सांगेल का? मलाही हवंय.

तिरफळ:
सांगतो. आयफोन असेल तर एसबीसी आणि एएसी हे दोनच कोडेक आहेत, एलडॅक नाही, तेव्हा शिक्का बघून जास्त पैसे घालू नका. २०१७ साली आलेल्या आठव्या अँड्रॉइडपासून एलडॅक अँड्रॉइडच्या मूळ संहितेत आहे, पण इयरबड्समध्येही तो असावा लागतो. इयरबड्स जोडल्यावर ब्लूटूथच्या यादीत त्यांच्या नावापुढच्या चक्रावर टेका. तिथे 'एचडी ऑडिओ' किंवा 'एलडॅक' असं बटण दिसलं तर चालू करा. इयरबड्सच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येही 'आवाजाच्या दर्जाला प्राधान्य' अशा अर्थाची निवड असते. बऱ्याच इयरबड्समध्ये एकाच वेळी दोन फोनांना जोडायची सोय चालू ठेवली की एलडॅक बंद होतो. अनेकांचं घोडं इथेच अडतं.

खोलात जायचं असेल तर फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टेका, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे कोडेक, नमुनादर आणि एलडॅकचा दर दिसतो: ९९०, ६६०, ३३० किंवा 'जमेल तसं'. 'जमेल तसं'वर असेल तर फोन गर्दीत गुपचूप खाली उतरतो. पडद्यावर नाव एलडॅकच राहतं, पण चाल एसबीसीच्या जवळपासची असू शकते. घरी बसून ऐकायचं तर ९९०, फिरायला जाताना 'जमेल तसं'. कित्येक फोन पुन्हा जोडल्यावर ही निवड विसरतात, तेवढं लक्षात ठेवा.

गोदातीर:
यात भर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरातलं वाय-फाय आणि मायक्रोवेव्हही तिथेच गर्दी करतात आणि आपलं पाण्याने भरलेलं शरीर त्या लहरी शोषतं. फोन मागच्या खिशात ठेवला की आवाज तुटतो, सदऱ्याच्या खिशात ठेवला की सुधारतो. फोन आला की बोलण्यासाठी वेगळी, अरुंद वाट लागते, म्हणून त्या वेळी आवाज पडतो. वस्तू बिघडली समजून लोक दुकानात परत घेऊन जातात.

आडवाट:
आणि सगळं करून ऐकणार काय? मंडळातले बहुतेक लोक जुन्या मैफिली यूट्यूबवर ऐकत असणार. टेपवरून टेपवर, तिथून संगणकावर चढवलेल्या. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

कृष्णाकाठ:
तेही लिहिलंय. पण आमच्याकडे काहींनी अ‍ॅपल म्युझिक घेतलंय, त्यात लॉसलेसचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्यांना फरक ऐकू येतो, तानपुऱ्यात, तारेच्या त्या झणकारात, म्हणजे जवारीत. एक काका म्हणाले, "साध्या ब्लूटूथवर जवारी बंद वाटते, यात खुलते." मला वाटतं, अख्ख्या चर्चेत मिरजेला समजेल असं हे एकच वाक्य आहे.

धारवाडी:
काकांनी खुंटी हलवून बळकट केली! षड्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो जवारीमुळे. तारेच्या वरच्या स्वरांशांची ती सगळी झळाळी असते. माहिती गाळायची वेळ आली की कोडेक वरच्या, क्षीण भागावर आधी हात टाकतो. पत्रकात 'उच्च विभेदन' नको नि 'सुस्पष्ट' नको, 'खुल्या जवारीचा आवाज' लिहा.

भीमथडी:
सुंदर, पण पारिभाषिक शब्द असा होत नाही. संतूर ऐकणाऱ्याने काय म्हणायचं? रॉक ऐकणाऱ्याने? आणि 'आवाज' फारसी आहे. पत्रकात निदान 'ध्वनी' ठेवा.

साळुंकी:
मग 'बाजू' पण काढा, तुमच्या पहिल्या प्रतिसादाच्या पहिल्याच वाक्यात आहे. 'आवाज' चारशे वर्षं मराठी घरात राहिलाय. गायकाला 'काय ध्वनी आहे!' असं कोणी म्हणत नाही, 'काय आवाज आहे!' म्हणतात.

भीमथडी:
फारसी शब्द टाका असं मी म्हणत नाही. प्रत्येक नवा शब्द जसाच्या तसा घेतला तर दहा वर्षांनी मराठीतून विज्ञान सांगताच येणार नाही, ही माझी काळजी आहे. सावरकरांचा 'महापौर' लोकांनी घेतलाच ना? 'ध्वनिमुद्रिका' घेतली. वापराल तर रुळेल.

आडवाट:
आणि 'दूरध्वनी' कार्यालयाच्या पाटीवरच राहिला. 'महापौर' टिकला कारण वर्तमानपत्राने तो रोज छापला. 'विभेदन' रोज कोण छापणार? शिवाय नवे शब्द जुन्यांवर आदळतात. कॉम्प्रेशनला 'संपीडन' म्हणाल, पण शाळेच्या पुस्तकात ध्वनिलहरीची संपीडनं आणि विरलनं आहेतच. 'संपीडित ध्वनी' वाचून नववीतलं पोर म्हणेल, ध्वनी संपीडित असतोच की.

तिरफळ:
इथे मी आडवाट यांच्याशी सहमत. फाइलीसाठी 'आवळणे' म्हणा. आवळलेली फाइल, न आवळलेली फाइल. क्रियापद मराठी असलं की नाम कुठलंही चालतं.

गोदातीर:
'आवळलेला आवाज' म्हणजे गळा आवळल्यासारखा, हो. त्यापेक्षा 'गाळीव' बरं. कोडेक गाळतोच.

धारवाडी:
'जवारी'वरून एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे कन्नडमध्ये 'जवारी' म्हणजे गावरान. जवारी कोंबडी, जवारी वांगं. तानपुऱ्याची जवारी त्यातलीच का? अस्सल, मूळचा नाद अशा अर्थाने?

भीमथडी:
मला तसं वाटत नाही. तानपुऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीवर, तारेखाली जो सुताचा दोरा सरकवतात त्याला 'जीव' म्हणतात. जिवावरून 'जिवारी', त्यावरून 'जवारी'. जुनी मंडळी 'जिवारी' म्हणतातही.

साळुंकी:
मग 'ज्वारी' म्हणणारे काय धान्य पिकवतात? आमच्या गुरुजींचा उच्चार 'ज्वारी'च होता.

कृष्णाकाठ:
इथल्या कारागिरांत मी 'जवारी' आणि 'जिवारी' दोन्ही ऐकलेत. जवारी 'काढणे' आणि 'लावणे' ही क्रियापदंही दोन्ही. घोडी घासून पृष्ठभाग बनवतात तेव्हा 'काढली', दोरा सरकवून जागा साधतात तेव्हा 'लागली'. परवा दुकानात जाणार आहे, तेव्हा विचारते. पत्रकात तूर्त 'हाय-रेझ' आणि कंसात आकडे.

भीमथडी:
'विभेदन' निदान तळटीपेत तरी द्या. आणि कारागिरांना त्या दोऱ्याचं नाव विचारा, दोऱ्याला ते 'जीव' म्हणतात का.

धारवाडी:
आणि तो दोरा सुती असतो की रेशमी, तेही.